बनियनवाले आणि आमचे सर

सर कुठल्याही बँडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत नसत. त्यांच्याकडे 'बनियनवाले' होते, 'खाटीक' होते, 'भाऊबंद' होते, आणि ज्यांचा गायक दर गाण्यात कुठल्या तरी ट्रकमध्ये चढतो नाहीतर ट्रकमधून उतरतो, ते 'जकात नाका'. हे सगळे ऑस्ट्रेलियातले, सत्तर-ऐंशीच्या दशकातले, पबमध्ये गाऊन गाऊन मोठे झालेले बँड. मी एकदा पबला गुत्ता म्हणाले तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "गुत्त्यात माणूस बसतो," ते म्हणाले. "पबमध्ये उभा राहतो. आल्झो, म्हणजे बघ, फरक आहे."

मी पुण्याहून स्टुटगार्टला आले ती एका गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आवाज आणि कंपन विभागात. तिथे माझ्याआधी एकच मराठी माणूस होता, आणि तो हा. पन्नाशी उलटलेली, शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं, सँडलमध्ये मोजे. बघणाऱ्याला वाटावं की हे गृहस्थ सहकारी बँकेत कॅशियर आहेत आणि संध्याकाळी घरी जाऊन तुळशीला पाणी घालत असतील. पहिल्या दिवशी त्यांनी मला कॅन्टीनमध्ये समोर बसवलं, गाव विचारलं, कॉलेज विचारलं, आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "गाणी ऐकताना व्हॉल्यूम कितीवर ठेवतेस?"

मी म्हटलं, "शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतका."

"मग तू ऐकत नाहीस," ते म्हणाले आणि बटाट्याच्या सॅलडकडे वळले.

माझं संगीताचं ज्ञान गणपतीच्या आरतीपाशी संपतं. त्यामुळे त्यांनी मला काय काय ऐकवलं ते मी इथे नीट सांगू शकणार नाही. मला सगळी गाणी सारखीच वाटायची. एक माणूस कामावरून सुटलेला असतो, त्याला साहेबाचा राग आलेला असतो, तो पितो, त्याला कुणीतरी बाहेर काढतं, आणि हे सगळं तो आपल्याला रस्त्यापलीकडून ओरडून सांगतो. मागे एक ड्रमवाला भिंत पाडत असतो. हे मी सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते रागावतील. ते खूश झाले. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले, "इतकंच आहे. तुला कळलं की."

गंमत अशी की या माणसाचं पोट शांततेवर चालत होतं. आमच्या विभागाचं कामच मुळी आवाज मारण्याचं. गिअरबॉक्स वेगात फिरायला लागली की एक बारीक शीळ येते, ती गाडीत बसणाऱ्याला ऐकू जाता कामा नये. त्यासाठी यंत्रं होती, मायक्रोफोन होते, संगणकावर रंगीबेरंगी आलेख होते, पण शेवटचा शब्द माणसाच्या कानाचा. तिघं जण गाडीत बसायचे, रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवायची, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे न बघता दहापैकी गुण लिहायचे. सरांचा गुण लिहून झाला की बाकीचे पेन खाली ठेवत. आमचा जर्मन विभागप्रमुख नव्या लोकांना सरांची ओळख करून देताना नाव सांगायच्या आधी 'आमचा कान' असं म्हणायचा.

तळमजल्यावर एक खोली होती, भिंतींना सगळीकडे फोमचे सुळके लावलेली. तिथे आवाज परतून येत नसे. तिला आम्ही मुकी खोली म्हणायचो. नव्या माणसाला तिथे पाच मिनिटांत गरगरायला लागतं, कारण स्वतःचंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. सर दुपारी जेवणानंतर तिथे खुर्ची टाकून बसायचे. काय करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "इथे मनातल्या मनात खाटकांची कॅसेट लावली की फार स्वच्छ ऐकू येते."

हा नाद त्यांना लागला कसा, हे त्यांनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. विशी संपताना पुण्यातल्या कंपनीने त्यांना मेलबर्नजवळच्या एका गावात दोन वर्षांसाठी पाठवलं होतं, मोटारीच्या कारखान्यात. सांगलीकडचा मुलगा, शाकाहारी, दारूला हात न लावणारा, आणि इंग्रजी असं की व्याकरण चोख पण समोरचा काय बोलतो ते एक अक्षर कळत नाही. कारखान्यातले लोक बोलताना तोंडच उघडत नसत, असं ते सांगायचे. आठवडाभर कुणाशी बोलणं नाही. मग एका शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर कुणीतरी दंडाला धरून त्यांना पबमध्ये नेलं. आत गालिचा होता आणि त्यात इतक्या वर्षांची बिअर मुरलेली की बूट चिकटायचे. सरांनी लेमोनेड मागितलं. मागे बनियनवाले सुरू झाले.

"आणि तिथे," सर म्हणाले, "कुणालाच कुणाचं काही ऐकू येईना. तिथल्या तिथे जन्मलेल्यांना सुद्धा. सगळे नुसते मान हलवत होते. मी पण हलवली. एकदम सगळ्यांसारखाच झालो."

पुढची दोन वर्षं दर शुक्रवारी ते लेमोनेडचा ग्लास घेऊन स्पीकरच्या अगदी समोर उभे राहिले. तिथे गर्दी कमी असायची, आणि का कमी असायची हा प्रश्न आवाजाच्या विषयातल्या इंजिनिअरला पडायला हवा होता. तो त्यांना पडला नाही.

स्टुटगार्टमध्ये त्यांचं घर चढावरच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. जर्मनीत, त्यातून या भागात, दुपारी आवाज करायचा नाही, रात्री दहानंतर करायचा नाही, रविवारी तर खिळासुद्धा ठोकायचा नाही. तेव्हा सर हेडफोन लावायचे. शिवाय इथे केर्वोखे नावाचा प्रकार असतो. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना, अंगण आणि फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. सरांची पाळी आली की ते शनिवारी सकाळी झाडू आणि हेडफोन घेऊन निघायचे आणि आपण किती मोठ्याने गातोय याचा त्यांना पत्ताच नसायचा. सूर तर बाजूलाच राहिला, पण ताल पक्का. प्रत्येक ठोक्याला एक पायरी साफ.

तळमजल्यावर एक आजीबाई राहायच्या. इमारतीच्या नियमांवर त्यांची बारीक नजर. पहिल्याच पाळीला त्यांनी सरांना थांबवून हे काय चाललंय म्हणून जाब विचारला. सर गडबडले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की ही प्रार्थना आहे. आजीबाई एकदम नरमल्या. परधर्माचा मान राखणारी बाई. त्यांनी अर्थ विचारला. सर म्हणाले, "आठवड्याचं काम संपलं की माणूस बंधनातून सुटतो, असा भावार्थ आहे." तेव्हापासून सरांच्या पाळीच्या शनिवारी आजीबाई दार किलकिलं करून हात जुळवून उभ्या राहत. मी एकदा हा सोहळा प्रत्यक्ष पाहिला. जकात नाक्याचा गायक ट्रकमधून उतरत होता आणि खाली एक जर्मन म्हातारी डोळे मिटून उभी होती.

आता त्यांच्या घरच्यांबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे. काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वतःच्या आजारी आईला बघायला पुण्याला गेल्या आणि तिथेच राहिल्या. भांडण नव्हतं. नुसतं लांबत गेलं. मुलगी इथेच वाढलेली, हायडेलबर्गला शिकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. सर मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं आणि त्यात दोघांनाही काही अडत नव्हतं. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. मी एकटीच राहायचे म्हणून रविवारी सर मला खिचडीला बोलवायचे, त्यामुळे हे फोन मी कित्येकदा ऐकले. सुरुवातीला ते चांगले अर्धा तास चालायचे. मधेच सर हसायचे, कुणा प्रोफेसरची नक्कल करायचे.

मग ते फोन आखूड झाले. "जेवलीस का? अभ्यास? बरं, ठेवतो," एवढ्यावर आले. मी स्वयंपाकघरातून बघायचे. फोन ठेवल्यावर सर हात त्यावर तसाच ठेवून बसून राहायचे, जणू तो पुन्हा वाजेल. मला त्यांचा राग यायचा. मुलगी बोलायला बघतेय आणि हा माणूस तिला दोन मिनिटांत वाटेला लावतोय. एकदा मी टोकलं तर म्हणाले, "तिला कामं असतात गं. जा, पापड भाज."

कारण मला कळलं ते कंपनीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर. आमच्या विभागात दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचे, बारीक शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. माझ्या आधी सरांचा नंबर होता, मी बाहेर बाकावर बसून काचेतून बघत होते. बाई यंत्राची बटणं फिरवत होत्या, आत सर पाठमोरे, हातातलं बटण दाबत होते. तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी यंत्र थांबवलं आणि बोलायला लागल्या.

आत सर बटण दाबतच राहिले.

एक, दोन, तीन, चार. अगदी एकसारखं, त्यांच्या त्या ड्रमवाल्यासारखं. दर इतक्या सेकंदांनी शीळ येते, हे ठाऊक असलेल्या माणसाने ताल धरला होता. त्या तपासणीची यंत्रं कशी चालतात हे त्यांच्याइतकं कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. आधीचं वर्षही त्यांनी असंच काढलं असणार. बाईंनी फोन हळूच खाली ठेवला आणि समोरच्या दिव्याकडे बघत राहिल्या. सरांनी बटण दाबलं की तो लागायचा. मला आधी हसू आलं. मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना.

त्यानंतर सर चाचणीच्या गाडीत बसले नाहीत. कुणी काही वावगं बोललं नाही. विभागप्रमुखाने फार सभ्यपणे त्यांच्यासाठी जुन्या अहवालांचं काम काढलं आणि खिडकीजवळची जागा दिली. 'आमचा कान' हे शब्द पुन्हा कुणी उच्चारले नाहीत. गाडीतली त्यांची जागा मला मिळाली.

"बारीक आवाज आधी जातात," सरांनी मला खिडकीजवळ बसून सांगितलं. माझ्या ओठांकडे बघत बोलायची सवय त्यांना लागली होती, आणि ती मला इतक्या उशिरा दिसली. "शिळा, पाखरं. मग स, श, फ. जर्मन भाषा सगळी यांचीच बनलेली आहे. आणि पोरींचे आवाज मुळातच बारीक."

मी म्हटलं, "सर, तिला सांगा ना."

"काय सांगू? ऑस्ट्रेलियात स्पीकरपुढे उभा राहून कान घालवले? इतक्या लांब तिच्या आईला घेऊन आलो, तिला वाढवलं, आणि आता तिचंच ऐकू येत नाही?" त्यांनी खिशातली दोन्ही पेनं सरळ केली. "कानाला यंत्र लावलेला बाप नको तिला दिसायला. तिच्यासाठी इथे मी एकटाच आहे. तो तरी धड असू दे."

मी वाद घातला नाही. घालून उपयोग नव्हता, कारण आवाज चढवला तर अख्ख्या विभागाला कळलं असतं आणि हळू बोललं तर त्यांना ऐकू गेलं नसतं.

मे महिन्यात मुलीचा मला फोन आला. तिने माझा नंबर कुठून मिळवला कुणास ठाऊक. ती जर्मनमध्ये बोलत होती, फार सांभाळून, जणू ऑफिसमधल्या कुणाला तक्रार सांगावी तसं. बाबा तिला टाळतोय. काही विचारलं तर 'जा, जा' म्हणतो आणि ठेवतो. तिला हांबुर्गला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती, तिने ते फोनवर दोनदा सांगितलं आणि तो दोन्ही वेळा म्हणाला, छान, जेवून घे. "मी गेले काय आणि राहिले काय, त्याला फरक पडत नाही. मग मी जाते आणि फोनही बंद करते. दोघांनाही सोपं." तिला काही सांगणार नाही, असा सरांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. मी फक्त एवढंच म्हटलं की जायच्या आधी एकदा येऊन भेट.

त्याच सुमारास भाऊबंद जर्मनीत आले. हे दोघे सख्खे भाऊ. एकमेकांशी भांडून बँड मोडायचा, मग पैसे संपले की पुन्हा जोडायचा, असा त्यांचा संसार. आता साठीकडे झुकलेले हे दोन वीर स्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात, तिथल्या अग्निशमन दलाच्या वार्षिक जत्रेत वाजवणार होते. दुपारी दोनला गावचा ब्रास बँड, चारला भाऊबंद, सहाला सोडत. पहिलं बक्षीस डुकराची अख्खी तंगडी. सरांनी ते पत्रक मला तीनदा वाचून दाखवलं आणि मुलीलाही बोलावलं. ती आली. मला वाटतं ती निरोप घ्यायला आली होती.

लख्ख ऊन होतं. लांबलचक बाकांवर गावकरी बसलेले, पुढ्यात बिअर आणि बटाट्याचं सॅलड, पोरं लाल बंबावर चढलेली. भाऊबंद स्टेजवर आले. थोरल्याच्या गुडघ्याला पट्टा होता. धाकट्याने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. आणि मग पहिला ठोका पडला तशी समोरच्या रांगेतल्या आज्या ताटं उचलून मागे सरकल्या. एका बाळाने भोकाड पसरलं, ते नुसतं दिसलं. दुसऱ्या गाण्यात थोरल्याने धाकट्याच्या गिटारची वायर उपटली. धाकट्याने ती शांतपणे पुन्हा लावली. हे बहुधा रोजचंच असावं.

सर स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. त्या अख्ख्या मोकळ्या जागेत ते एकटेच, इस्त्रीच्या शर्टात, मान हलवत. लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. मुलगी माझ्याशेजारी बसली होती, तिने मान खाली घातली. मग काय वाटलं कोण जाणे, ती उठली आणि त्यांच्याजवळ गेली. काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली. तिने त्यांच्या खांद्याला धरलं, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि ओरडली. सर दचकून तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. मग त्यांनी वाकून तिच्या कानात काहीतरी ओरडून सांगितलं, ती हसली, पुन्हा ओरडली. तीन-चार गाणी ते दोघं तसे उभे होते, एकमेकांच्या कानात ओरडत. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी दोन मिनिटांहून जास्त बोलत होते.

बरोबर सहाला दलाच्या प्रमुखाने घड्याळ दाखवलं आणि भाऊबंदांचा आवाज तोडला. जत्रेवर एकदम शांतता पसरली. सर आणि मुलगी बाकाकडे येता येता ती बोलतच होती, पण आता तिच्या नेहमीच्या आवाजात. हांबुर्ग, सप्टेंबर, खोली, असं काही काही. सर हसऱ्या चेहऱ्याने म्हणत होते, "गेनाऊ. गेनाऊ."

ती थांबली. "मी आत्ता काय म्हणाले?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या बटाट्यांकडे बघत राहिले.

"मला ऐकू येत नाही," सर म्हणाले. मराठीत, हळू, पण स्वतःला वाटत होतं त्यापेक्षा बरंच मोठ्याने. शेजारचं बाक वळलं. "तू फोनवर बोलतेस ते काही ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. कळू नये म्हणून लवकर ठेवतो."

तिने जर्मनमध्ये काहीतरी सुरू केलं, मधेच सोडलं. मग तिने श्वास घेतला आणि त्या सगळ्या गावकऱ्यांसमोर मराठीत ओरडली. लहान असल्यापासून चार लोकांत ती कधी मराठी बोलली नव्हती. मोडकं मराठी होतं, क्रियापदं कुठल्या कुठे.

"मला वाटली तुला मी नको. मी फोन ठेवून रडली, बाबा. रविवारी रडली."

सर तिच्या ओठांकडे बघत होते. ऐकू आलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं, तरी त्यांनी विचारलं, "कुठल्या रविवारी?"

"सगळ्या," ती ओरडली.

मागे सोडतीचे आकडे पुकारायला सुरुवात झाली होती. सर बाकावर बसले, थोडे सरकले आणि आपल्या उजव्या बाजूला तिच्यासाठी जागा केली. "या कानाने जरा बरं येतं," ते म्हणाले. "इकडे बस. आणि पहिल्यापासून सांग."